परमुलखातलं फळ पहिल्यांदा चाखताना: निवडण्यापासून बी टाकण्यापर्यंत

मँगोस्टीन बेचव निघालं, सलाक लाकडासारखं लागलं, सीताफळाच्या कुळातलं सावरसॉप नुसतं आंबट होतं आणि ड्युरियनचं तर नावच काढू नका. उष्ण प्रदेशातून फिरून आलेल्या माणसांकडून हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी उलट तीनच प्रश्न विचारते. फळ पुरतं पिकलं होतं का? सोललं कोणी? आणि नेमका कुठला भाग तोंडात घातलात? बहुतेकदा पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. चार दिवसांनी खायचं फळ त्याच संध्याकाळी चिरलेलं असतं, नाहीतर आतला कडवट पापुद्रा गरासकट चावलेला असतो. इतक्या लांब जाऊन त्या फळाची खरी चव न घेता परतायचं, याची मला मनापासून हळहळ वाटते. म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. पायऱ्या गाळू नका आणि पुढेमागेही करू नका.

## 1. निघण्यापूर्वी: आधी प्रकृती, मग हंगाम

बहुतेक जण इथे काहीच करत नाहीत, आणि सगळ्यात गंभीर चुका याच टप्प्यावर होतात.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, चाखायलाही घेऊ नका. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं. शिवाय कॅराम्बॉक्सिन नावाचं मज्जासंस्थेवर परिणाम करणारं द्रव्यही असतं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी ते 2013 मध्ये वेगळं करून दाखवलं. निरोगी मूत्रपिंड ही द्रव्यं बाहेर टाकतं. दुबळ्या मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि विष साठत जातं. न थांबणारी उचकी हे पहिलं लक्षण. पुढे गोंधळल्यासारखं होणं, झटके येणं इथपर्यंत मजल जाते. अशा रुग्णांना थोडक्या फळानेही त्रास झालेला आहे. ड्युरियनमध्ये पोटॅशियम बरंच असतं, तेव्हा त्याबद्दलही आपल्या डॉक्टरांना आधी विचारा.

रोजची औषधं चालू असतील तर ग्रेपफ्रूट आणि पपनस यांच्याबद्दल विचारून ठेवा. कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची काही औषधं शरीरात मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ही फळं अडवतात, त्यामुळे रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं. सकाळी गोळी आणि संध्याकाळी फळ असं अंतर ठेवून हा प्रश्न सुटत नाही, कारण परिणाम दिवसभराहून जास्त टिकू शकतो.

रबरी हातमोज्यांची किंवा फुग्यांची ॲलर्जी असेल तर केळं, ॲव्होकाडो, किवी, पपई या फळांनीही तोंडाला खाज सुटू शकते. अशा माणसाने नव्या फळाचा पहिला घास एकट्याने खोलीत बसून घेऊ नये.

मधुमेह असेल तर ड्युरियन, फणस, लाँगन (लिचीसारखं फळ) यांचा वाटा आधीच ठरवून घ्या.

आता हंगाम. थायलंडच्या चांथाबुरी भागात ड्युरियन, मँगोस्टीन आणि रांबुतान साधारण मे-जूनमध्ये भरात असतात. मलेशियाच्या द्वीपकल्पात ड्युरियनचा मोठा बहर जून ते ऑगस्टच्या सुमारास येतो. हंगाम नसताना मिळालेलं फळ बहुधा शीतगृहातलं, नाहीतर लांबच्या प्रवासासाठी कच्चं उतरवलेलं असतं. ते खाऊन त्या फळाबद्दल मत बनवू नका.

तपासा: औषधांची यादी आणि ॲलर्जीची नावं स्थानिक भाषेत लिहून घेतली आहेत का? विक्रेत्याशी खाणाखुणांनी बोलून भागतं, पण दवाखान्यात नाही भागत.

## 2. सोबतचं सामान

म्यानात बसणारी छोटी सुरी (विमानात ती हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाका), चमचा, एक गडद रंगाचं फडकं, चार कागदी रुमाल, पिण्याच्या पाण्याची बाटली आणि एक घट्ट बंद होणारी पिशवी. चिकाळ फळांसाठी थोडं खाद्यतेल घ्या. छोट्या बाटलीत दोन चमचे पुरतात.

फडकं गडदच हवं. एकदा मी पलंगावर बसून मँगोस्टीन फोडलं आणि सालीचा जांभळा रस पांढऱ्या चादरीवर उडाला. तासभर चोळूनही डाग हलला नाही आणि चादर भरून द्यावी लागली. काही हॉटेलांत ड्युरियनच्या बरोबरीने मँगोस्टीनलाही बंदी असते, ती या डागांपायी. ड्युरियनची बंदी वासामुळे. सिंगापूरच्या मेट्रोत ते नेता येत नाही. फळ विकत घेण्याआधी ते कुठे बसून खायचं ते ठरवा.

## 3. फळ निवडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समोरचं फळ कुठल्या जातकुळीतलं आहे ते आधी ओळखायचं.

काही फळं जून झाल्यावर उतरवली की पुढे घरी पिकतात: सावरसॉप, चेरिमोया (हेही सीताफळाच्या कुळातलं), पपई, काळी सपोटी, पॅशन फ्रूट, फणस, ड्युरियन. काही फळं झाडावरून उतरली की तिथेच थांबतात: रांबुतान, लिची, लाँगन, अननस, ड्रॅगन फ्रूट, सलाक. दुसऱ्या गटातलं आंबट फळ चार दिवस खोलीत ठेवून गोड होत नाही, फक्त सुकतं. पहिल्या गटातलं टणक फळ मात्र वाईट नसतं, त्याची वेळ यायची असते. लोक नेमकं उलटं करतात. सावरसॉप टणक असताना कापतात आणि रांबुतान पिकेल म्हणून ठेवून देतात.

म्हणून विक्रेत्याला "चांगलं द्या" असं सांगण्यात अर्थ नाही. "आज, आत्ता खायचं आहे" असं सांगा. रोज तीच फळं हाताळणारा माणूस मग दहा फळं बाजूला सारून अकरावं उचलतो. उद्यासाठी हवं असेल तर तेही सांगा. तो वेगळं फळ देईल.

निवडताना हे पाहा:

- वजन. सारख्या आकाराच्या दोन फळांतलं जड ते घ्या. हलकं फळ आतून सुकलेलं असतं.
- वास. पिकणाऱ्या फळांचा वास देठापाशी घ्या. वासच नसेल तर थांबायचं. दारूसारखा आंबूस वास आला तर वेळ टळून गेली.
- साल. प्रत्येक फळाचा नियम निराळा. जांभळं पॅशन फ्रूट सुरकुतलेलं बरं. रांबुतानचे केस टवटवीत हवेत, काळे पडून वाळलेले नकोत. मँगोस्टीनची साल बोटाखाली किंचित दबायला हवी; दगडासारखी झाली असेल तर फळ जुनं आहे.

सावधान: तडा गेलेलं, टोचलेलं किंवा प्राण्याने कुरतडलेलं फळ घेऊ नका, कितीही स्वस्त असो. "एवढा भाग कापून टाकू" हा हिशेब इथे चालत नाही. फळं खाणारी वटवाघळं निपाह विषाणू बाळगतात, आणि त्यांची लाळ लागलेली फळं हा संसर्गाचा एक मार्ग मानला जातो.

## 4. धुणं आणि कापणं

साल खायची नाही, मग धुवायचं कशाला? हा प्रश्न हमखास येतो. सुरी सालीतून आत जाताना सालीवरची घाण गरात ओढून नेते. त्यामुळे आधी फळ धुवा, मग हात, मग सुरी. पाणी पिण्याजोगंच हवं. धुतल्यावर फळ पुसून कोरडं करा, म्हणजे सुरी घसरत नाही.

शक्यतो अख्खं फळ घ्या आणि स्वतः कापा, नाहीतर डोळ्यांसमोर कापून घ्या. कापून ठेवलेल्या फोडी किती वेळ उघड्यावर आहेत ते कळायला मार्ग नसतो. कापलेलं फळ दोन तासांपलीकडे बाहेर राहू नये. हवा 32 अंश सेल्सियसच्या वर असेल तर एकच तास. बर्फावर मांडलेल्या फोडी ताज्या दिसतात, पण तो बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हाच मुद्दा असतो.

## 5. पहिला घास

उपाशीपोटी सुरुवात करू नका. लिचीच्या बाबतीत तर अजिबात नाही, आणि मुलांच्या बाबतीत त्याहून नाही. बिहारमधल्या मुझफ्फरपूरमध्ये लिचीच्या हंगामात मुलं रातोरात गंभीर आजारी पडत. 2014 च्या साथीचा तपास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. लिचीतली रक्तशर्करा उतरवणारी द्रव्यं आणि रात्रीचं जेवण चुकलेलं असणं, या दोन्हींचा संबंध त्यात पुढे आला. कच्च्या लिचीत ही द्रव्यं जास्त असतात. जेवणानंतर पूर्ण पिकलेल्या लिच्या थोड्याच खाल्ल्या तर भिण्याचं कारण नाही.

घासाचा क्रम असा ठेवा:

1. तोंड साध्या पाण्याने धुवा. दात घासून, कडक कॉफी पिऊन किंवा झणझणीत जेवून लगेच चाखू नका.
2. फळ फ्रिजमधून काढलं असेल तर थोडा वेळ बाहेर ठेवा. गारेगार फळाला वास येत नाही, आणि वास गेला की चव अर्धी उरते.
3. ॲलर्जीचा इतिहास असेल तर गराचा तुकडा आधी ओठाला लावा, मग वाटाण्याएवढा घास घ्या आणि पाव तास थांबा.
4. पहिला घास नुसता चावून सोडू नका. टाळूवर दाबा, नाकाने श्वास सोडा. बहुतेक फळांचा खरा सुगंध याच क्षणी कळतो.
5. दुसरा घास घेतल्याशिवाय आवडलं-नावडलं ठरवू नका. पहिल्या घासात जीभ ओळखीचं काहीतरी शोधत असते.

दिवसाला दोनच नवी फळं. बाजारातल्या टेबलावर सात प्रकार मांडून एकदम चाखणं फोटोत छान दिसतं, पण रात्री अंगावर पित्त उठलं तर कशाने उठलं हे सांगता येत नाही. दोनांतलंही सौम्य आधी, आंबट नंतर, उग्र सगळ्यात शेवटी. ड्युरियननंतर मँगोस्टीन नाजूकपणे चाखायला गेलात तर काही लागणार नाही. पश्चिम आफ्रिकेतलं मिरॅकल फ्रूट मिळालं तर ते वेगळ्या दिवशी ठेवा. त्यातल्या मिरॅक्युलिनमुळे आंबट पदार्थ अर्ध्या तासाहून अधिक काळ गोड लागतात, म्हणजे त्या वेळातली बाकी फळांची चव खोटी. आणि जिभेला गोड लागलं तरी पोटात आम्लच जातं, तेव्हा त्या भरात लिंबांमागून लिंबं चोखू नका.

सावधान: अननसाने जीभ चुरचुरते ती त्यातल्या ब्रोमेलेनमुळे, आणि थोड्या वेळाने थांबते. पण ओठ किंवा पापण्या सुजणं, अंगावर गांधी उठणं, आवाज बसणं, श्वास कोंडणं यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा, उरलेलं फळ सोबत घेऊन.

## 6. फळागणिक: कुठे चुकतं

मँगोस्टीन. उलटं करून बुडाशी पाहा. फुलासारखी छोटी नक्षी दिसेल. तिला जितक्या पाकळ्या, तितक्या आत फोडी. जास्त पाकळ्यांचं फळ घ्या, कारण फोडी लहान असल्या की बहुतेकांत बी धरत नाही. सुरी मधोमध गोल फिरवा, पण जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल. साल जाड असते, पण सुरी आरपार गेली की जांभळा कडू रस पांढऱ्या गरात उतरतो. मग दोन्ही हातांनी उलटसुलट पिळून वरची टोपी काढा. टोपी खाली पडते आणि वाटीत कापसासारख्या शुभ्र फोडी बसलेल्या दिसतात. गरावर पिवळा चीक दिसला तर ती फोड सोडा, कडू लागते.

सलाक. सापाच्या कातडीसारखी खवलेदार साल. टोकदार बाजूला चिमटीत धरून टोक मोडा आणि तिथून साल खाली ओढा. खवल्यांची टोकं बोटांना टोचतात, म्हणून घाई नको. आत लसणीच्या पाकळ्यांसारखे दोन-तीन भाग. प्रत्येकावर तलम पापुद्रा असतो. अंगठ्याने चोळला की निघतो. लोक तो तसाच खातात आणि मग "तुरट आहे" म्हणतात. बी गारगोटीसारखी कठीण असते, तेव्हा पुढच्या दातांनी कडेकडेने खा. इंडोनेशियात असाल तर योग्याकर्ता भागातलं पोंडोह आणि बालीतलं गुला पासिर हे प्रकार आधी घ्या, दोन्ही गोड.

ड्युरियन. मलेशियात पिकून आपोआप गळलेलं फळ खातात, थायलंडमध्ये जून फळ देठासकट कापून काही दिवस पिकवतात. त्यामुळे दोन्हीकडचा गर वेगळा लागतो. एक मऊ, उग्र, किंचित कडवट, दुसरा घट्ट आणि सौम्य. पहिल्यांदा खाणाऱ्याने मोनथोंगसारख्या सौम्य जातीपासून सुरुवात करावी आणि मुसांग किंग नंतर. बाजारात तिथल्या तिथे फोडून घ्या आणि तिथेच संपवा. स्वतः फोडायची हौस असेल तर जाड हातमोजे घाला. गर बोटाने दाबून पाहा: लोण्यासारखा दबला की तयार, कच्च्या बटाट्यासारखा करकरला की परत द्या. वासाने मागे हटू नका. नाकाशी न नेता घास थेट तोंडात घ्या. त्यासोबत दारू मात्र नको. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं की ड्युरियनचा अर्क दारू पचवायला लागणाऱ्या एका विकराला अडवतो. कच्ची बी चघळू नका.

सावरसॉप आणि चेरिमोया. बोट सहज रुतेल इतकं मऊ होईपर्यंत थांबा. वरून काळपट झालं तर घाबरू नका. बिया विषारी असतात. मिक्सरमध्ये रस काढून देत असतील तर बिया काढल्या आहेत ना, हे डोळ्यांनी पाहा.

काळी सपोटी. हिरवी आणि टणक असताना तोंडात घातली तर तोंड आकसून जातं. साल निस्तेज होऊन फळ अगदी लिबलिबीत झालं, सडलं की काय असं वाटायला लागलं, की तेव्हा ते खायचं.

मॉन्स्टेरा. कणसासारखं दिसणारं हे फळ कच्चं असताना त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तोंडात टोचतात, घसा जळतो. वरचे षटकोनी खवले हात न लावता गळून पडतात, तेवढाच भाग त्या दिवशी खा. उरलेला दुसऱ्या दिवशी.

फणस आणि त्याचाच भाऊबंद चेंपेडाक. हाताला आणि सुरीला आधी तेल. चीक लागल्यावर पाण्याने धुतलात तर आणखी चिकटतो.

रांबुतान, लाँगन, लँगसॅट. बी चावायची नाही, एवढंच. लँगसॅटची बी जहर कडू, एकदा चावली की पुढची दहा फळं वाया.

लाल गराचं ड्रॅगन फ्रूट. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर तो त्याचा रंग असतो.

## 7. जी चाखायचीच नाहीत

ॲकी हे जमैकाचं राष्ट्रीय फळ. तिथे ते शिजवून खातात. झाडावर आपोआप उकलण्याआधी त्यात हायपोग्लायसिन हे रक्तशर्करा उतरवणारं विष घातक प्रमाणात असतं. उकललेल्या फळातलाही फक्त पिवळट गर चालतो. काळी बी आणि गुलाबी शीर काढून टाकावी लागते, मग उकळावं लागतं. हे काम माहीतगारांचं. तयार ताटात खा, झाडाखाली उभं राहून नाही.

कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं, वासाला गोड, पहिल्या घासाला चवीलाही गोड. मग घसा पेटतो आणि सुजतो. त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. पावसात त्याच्या आडोशाला उभं राहिलं तरी येतात. काही ठिकाणी बुंध्याला लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळीकडे नसते.

पॅशन फ्रूट हिरवं आणि गुळगुळीत असताना खाऊ नका, कच्च्या फळात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. काजूचं बोंड खुशाल खा, पण खालची बी दाताने फोडू नका. टरफलातलं तेल ओठ भाजून काढतं.

तपासा: पक्षी खातात म्हणून माणसालाही चालतं, असा तर्क तुम्ही करत आहात का? मग ते फळ खाली ठेवा.

## 8. नोंद आणि परतीची बॅग

फळाचं स्थानिक नाव विक्रेत्याकडून लिहून घ्या, जातीसकट. पुढच्या गावात चित्र दाखवून फळ मिळतं, पण तीच जात नावानेच मिळते. सोबत दोन शब्द: किती मऊ होतं आणि वास कसा होता. आवडलेलं फळ पुन्हा तसंच निवडायला हेच उपयोगी पडतं.

ताजी फळं आणि बिया घरी न्यायचा मोह मात्र आवरा. फळमाशी आणि रोगकिडी याच वाटेने देशोदेशी पसरल्या आहेत, म्हणून ऑस्ट्रेलियासारखे देश सामानात सापडलेल्या एका फळासाठीही दंड करतात. हवाईहून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जातानाही फळांसाठी सामान तपासतात. निघण्याच्या आदल्या रात्री बॅगेचे छोटे कप्पे, जॅकेटचे खिसे आणि ती घट्ट बंद होणारी पिशवी उलटी करून झटका. सलाकची एखादी बी तिथे हमखास अडकलेली असते. घोषणापत्रावर फळांबद्दल शंका असेल तर "हो" वर खूण करा. सांगितलेलं फळ बहुधा नुसतं काढून घेतात, लपवलेलं सापडलं की दंड होतो.